यीस्ट जोडी कधी जमवतं? ए, अल्फा आणि बीजाणूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बीएस्सीच्या पोरांची मायक्रोबायॉलॉजीची प्रॅक्टिकल्स घेते आणि रविवारी घरी पाव भाजते, त्यामुळे यीस्टबद्दलचे प्रश्न मला दोन्हीकडून येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री येणारे वेगळे, पीठ फुगलं नाही म्हणून येणारे वेगळे. त्यातले परत परत येणारे इथे एकत्र केलेत. नुसतं 'यीस्ट' म्हटलं असेल तिथे पावाचं, बिअरचं, वाइनचं जे यीस्ट, म्हणजे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी, तेच धरा. दुसरं कुठलं असेल तिथे तसं सांगितलंय.

१. यीस्टमध्ये नर आणि मादी असतात का?

नाही. दोन प्रकार असतात, ए आणि अल्फा, आणि ए ची जोडी जमते ती फक्त अल्फाशी. पण दोघांना मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवलं तरी कोण कुठला ते नुसतं बघून कुणीच सांगू शकत नाही. आकार तोच, खाणं तेच, वाढ तीच. नर-मादी म्हणायचं तर एकाची पेशी मोठी आणि दुसऱ्याची बारकी असं काहीतरी लागतं, अंडं आणि शुक्राणूसारखं, इथे मात्र दोघं अगदी निम्मा-निम्मा वाटा आणतात. म्हणून 'लिंग' न म्हणता 'मेटिंग टाइप' म्हणतात. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ए म्हणजे मुलगी ना?" नाही रे बाबा.

२. पाव फुगत असतो तेव्हा पिठात हे मीलन-बिलन चालू असतं का?

अजिबात नाही. पिठात साखर मिळतेय, पाणी आहे, ऊब आहे, अशा वेळी यीस्टला जोडीदाराची गरजच नसते. ते साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि जमलं तर कळ्या काढत वाढतं. जमलं तर म्हणायचं कारण, लॅबच्या चांगल्या खुराकावर ३० अंशाला यीस्ट साधारण दीड तासात दुप्पट होतं, पण पावाच्या पिठात तेवढीही वाढ बऱ्याचदा होत नाही, तुम्ही टाकलेल्या पेशीच बहुतेक काम करतात. शिवाय बेकरीचं यीस्ट आधीच डिप्लॉइड (गुणसूत्रांचे दोन संच असलेलं) किंवा त्याच्याही वरचं असतं, त्यामुळे ते जोडी जमवायच्या अवस्थेतच नसतं (प्रश्न ५ आणि १२ बघा).

३. ड्राय यीस्टचे ते बारीक दाणे म्हणजे बीजाणू का?

हा गैरसमज फार पसरलाय, अगदी शिकवणाऱ्यांमध्येसुद्धा. ते बीजाणू नाहीत. त्या साध्या वाढणाऱ्याच पेशी असतात, फक्त जपून वाळवलेल्या, एका ग्रॅममध्ये अब्जावधी. ट्रेहॅलोज नावाची साखर पेशीत साठलेली असते ती त्यांना वाळताना सांभाळते. बीजाणू वेगळे, ते लैंगिक चक्रातून येतात आणि पाकिटात ते असायचं काही कारण नाही. कोमट पाण्यात यीस्ट फेसाळतं ते वाळलेल्या पेशी पाणी पिऊन परत कामाला लागतात म्हणून, बीजाणू उगवतात म्हणून नाही.

४. मुकुलन म्हणजे अलैंगिक, मीलन म्हणजे लैंगिक, इतकंच ना?

हो, पण परीक्षेत इथेच मार्क जातात. मुकुलन, म्हणजे आईच्या अंगावर कळी येऊन ती मोठी होऊन तुटणं, हे हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशीही करतात आणि डिप्लॉइडही. म्हणजे 'हॅप्लॉइड अवस्था फक्त मीलनापुरती' असं आपल्याकडे माणसात असतं तसं इथे नाही, १६ गुणसूत्रांची ए पेशी आणि तिच्या लेकी-नाती जोडीदाराशिवाय वर्षानुवर्षं कळ्या काढत सुखात राहू शकतात. कळी तुटली की आईच्या अंगावर कायटिनचा गोल व्रण राहतो, आणि साधारण २०-३० कळ्या झाल्या की ती म्हातारी होऊन मरते. अजून एक गंमत, हॅप्लॉइड पेशी नवी कळी आधीच्या व्रणाच्या अगदी शेजारी काढते, डिप्लॉइड मात्र दोन्ही टोकांना काढते. हॅप्लॉइडची लेक आईला खेटून बसते हे लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये लागेल.

५. मग हॅप्लॉइड, डिप्लॉइड हे नक्की कधी कुठलं?

ए किंवा अल्फा असेल तर हॅप्लॉइड, १६ गुणसूत्रं. दोघं मिळाले की ए-अल्फा डिप्लॉइड, ३२. हा डिप्लॉइड पुढे कुणाशीच जोडी करत नाही. अपवाद प्रश्न १७ मध्ये. हे सगळं आज पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येतं, पण १९३५ पर्यंत कुणालाच नीट माहीत नव्हतं, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबोरेटरीत ओयविंड विंगे यांनी बीजाणू उगवताना बघून बघून दाखवलं की यीस्टच्या आयुष्यात या दोन अवस्था आलटून पालटून येतात.

६. डोळे नाहीत, पाय नाहीत, मग ए ला अल्फा सापडतो कसा?

वासावरून म्हणा. दोघंही बाहेर फेरोमोन, म्हणजे जोडीदाराला खूण देणारं रसायन, सोडतात. अल्फाचा फेरोमोन १३ अमिनो आम्लांचा, ए चा १२ चा आणि त्याला वर एक तेलकट शेपूट जोडलेली. ए च्या अंगावर अल्फाचा वास ओळखणारा रिसेप्टर, अल्फाच्या अंगावर ए चा. हे रिसेप्टर त्याच घराण्यातले आहेत ज्यातले आपल्या नाकातले वास ओळखणारे आणि ॲड्रेनलिन पकडणारे रिसेप्टर, त्यामुळे 'यीस्टचा वास' ही नुसती उपमा नाहीये.

वास आला की पेशी विभाजन थांबवते आणि जिकडून वास जास्त येतो तिकडे नाक काढते. चालत जात नाही, नुसती तिकडे वाढते. या पेशीला 'श्मू' म्हणतात, १९४० च्या दशकातल्या एका अमेरिकन कार्टूनमधल्या प्राण्यावरून. ए आणि अल्फाचे स्ट्रेन (वाण) मिसळून अडीच-तीन तासांनी स्लाइड लावली की आधी काहीच विशेष दिसत नाही, मग एखादी पेशी पेरूसारखी लांबुडकी दिसते, मग अशा दोन समोरासमोर टोकं लावलेल्या, मग भिंत विरघळून झालेला डंबेल. पोरांना डंबेल सापडला की वर्गात आरडाओरडा होतो. पुष्कळदा डंबेलच्या मधल्या मानेतूनच पहिली डिप्लॉइड कळी येते, तीन पानांच्या बेलासारखं दिसतं ते.

आणि ए पेशी चलाख असते. ती अल्फाचा फेरोमोन तोडणारं एन्झाइमही सोडते, म्हणजे आजूबाजूचा जुना वास साफ होतो आणि खरा जवळचा अल्फा कुठे आहे ते नीट कळतं.

७. दोन ए शेजारी आले तर?

काही होत नाही. दोघं आपापल्या कळ्या काढत बसतात. ए ला स्वतःच्या फेरोमोनचा वासच येत नाही, त्याचा रिसेप्टर तिच्याकडे नसतो.

८. बीजाणू कधी बनतात, आणि कोण बनवतं?

फक्त ए-अल्फा डिप्लॉइड, आणि तोही उपाशी असेल तेव्हा. नायट्रोजन नाही, आंबवता येईल अशी साखर नाही, पण ॲसिटेटसारखं थोडं काहीतरी जाळायला आहे, अशी परिस्थिती आली की पेशी अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं) करते आणि आपल्याच जुन्या भिंतीच्या आत चार बीजाणू तयार करते. त्या पिशवीला ॲस्कस म्हणतात. चारांत दोन ए, दोन अल्फा, नेहमी. लॅबमध्ये आम्ही १ टक्का पोटॅशियम ॲसिटेटची प्लेट वापरतो, २५ अंशाला ठेवून तीन ते पाच दिवस विसरून जायचं.

बीजाणूची भिंत जाड असते, कोरडेपणा, उष्णता, आम्ल, एखाद्या माशीचं पोट, यातून तो तग धरतो. चांगलं खाणं मिळालं की उगवतो.

९. बीजाणू एकटाच कुठेतरी पडला तर? ए आहे, अल्फा आसपास नाहीच.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. उत्तर असं की रानटी यीस्ट स्वतःच अल्फा तयार करतं.

तिसऱ्या गुणसूत्रावर मॅट नावाची जागा आहे, तिथे ए ची माहिती असेल तर पेशी ए, अल्फाची असेल तर अल्फा. पण त्याच गुणसूत्राच्या दोन टोकांना या दोन्हींची एकेक प्रत कुलूपबंद ठेवलेली असते, डावीकडे अल्फाची, उजवीकडे ए ची, दोन्ही मुक्या. ज्यांनी टेपरेकॉर्डर वापरलाय त्यांना लगेच कळेल, शास्त्रज्ञांनीही याला 'कॅसेट'च म्हटलंय, मॅट म्हणजे प्लेयर आणि कपाटात दोन कॅसेट. एच-ओ नावाचं एन्झाइम मॅटच्या जागी डीएनए कापतं. तुटलेला भाग जोडायला पेशी कपाटातल्या प्रतीवरून नक्कल करून घेते, आणि ए असलेली पेशी बहुतेक वेळा बरोबर अल्फाचीच प्रत निवडते. कपाटातली मूळ कॅसेट तशीच राहते, त्यामुळे परत परत बदलता येतं. असं काहीतरी असावं ही कल्पना जपानमध्ये ओशिमा आणि ताकानो यांनी १९७१ मध्ये मांडली होती, कॅसेटचं चित्र नंतर अमेरिकेत इरा हर्स्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी पूर्ण केलं.

आता नियम बघा. एकदा कळी काढून झालेली आईच बदलू शकते, नवी लेक नाही. का, तर ॲश-१ नावाच्या प्रथिनाचा संदेश आईच्या पेशीतून अक्षरशः दोऱ्यांवरून ओढत कळीत नेला जातो, आणि लेकीत ते प्रथिन एच-ओ बंद ठेवतं. परिणाम काय होतो ते कागदावर काढा. ए बीजाणू उगवला, एक कळी काढली, आता दोन ए. पुढच्या फेरीत आई बदलते, म्हणजे तिच्याकडे दोन अल्फा, लेकीकडे दोन ए. चारच पेशी, दोन जोड्या तयार, आणि प्रश्न ४ मध्ये म्हटल्याप्रमाणे सगळ्या एकमेकींना खेटून. दिवसाच्या आत एकटा बीजाणू परत डिप्लॉइड.

१०. पण मग हे घरातल्या घरातच झालं की!

झालं. अगदी सगोत्रच्याही पलीकडे. अशा जोडीतून आलेल्या डिप्लॉइडमध्ये मॅट सोडून प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या. दुसरा मार्ग, एकाच ॲस्कसमधले भावंड बीजाणू शेजारी उगवतात आणि तिथेच जोडी करतात, तेही फार दूरचं नाही. परक्या घराण्याशी सोयरीक निसर्गात फार क्वचित होते, जीनोम तपासून काढलेला एक अंदाज साधारण ५०,००० विभाजनांत एकदा इतका आहे.

तोटा का नाही? आधी लपून राहिलेलं वाईट जनुक दोन प्रतींत उघडं पडतं आणि ती पेशी मरते, उरतात त्या धडधाकट. वाइनच्या यीस्टमध्ये हे होत असावं असं रॉबर्ट मॉर्टिमर यांनी १९९४ मध्ये मांडलं आणि त्याला 'जीनोम रिन्यूअल' नाव दिलं.

परकी सोयरीक जुळवणारे मध्यस्थ मात्र मजेशीर आहेत. फळमाशीच्या पोटातून जाताना ॲस्कसची भिंत पचते, बीजाणू सुटे होतात आणि वेगवेगळ्या घराण्यांचे एकत्र येतात. गांधीलमाशीच्या आतड्यात यीस्ट हिवाळा काढतं आणि राणीकडून पुढच्या पिढीच्या अळ्यांपर्यंत पोचतं हे इटलीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, नंतर तिथे मीलनही होतं असं दिसलं. द्राक्षावर बसलेल्या गांधीलमाशीला हाकलताना हे आठवा.

११. असं पटापट बदलत असेल तर लॅबमध्ये 'ए स्ट्रेन', 'अल्फा स्ट्रेन' वेगळे ठेवता कसे?

त्यांचं एच-ओ जनुक बिघडलेलं असतं, म्हणून. बदलणारे ते होमोथॅलिक, न बदलणारे हेटेरोथॅलिक. कार्ल आणि गर्ट्रूड लिंडेग्रेन यांना १९४३ मध्ये असे न बदलणारे स्ट्रेन हाती लागले म्हणून तर मेटिंग टाइप समजले, विंगेंचे स्ट्रेन बदलणारे होते त्यामुळे त्यांना दोन प्रकार वेगळे दिसणं कठीणच होतं. म्हणजे बिघाड झाला म्हणून शोध लागला.

१२. बाजारातल्या पाकिटातल्या यीस्टपासून बीजाणू काढता येतील का? प्रोजेक्टसाठी हवेत.

प्रयत्न करा, पण आशा कमी ठेवा. मी एकदा मोठ्या उत्साहाने दुकानातल्या ड्राय यीस्टची ॲसिटेट प्लेट लावली, पाचव्या दिवशी बघितलं तर पेशीत चकाकणारे गोल गोल दिसले, फोटो काढले, ग्रुपवर टाकले, आणि मग मॅलकाइट ग्रीन-सॅफ्रनिनने स्टेन केल्यावर कळलं की ते तेलाचे थेंब होते. हिरवे बीजाणू असे शोधून शोधून मोजके, तेही चारऐवजी दोन-दोन असलेल्या ॲस्कसमध्ये, आणि त्यातला एकही उगवला नाही. दोष पाकिटाचा नाही. बेकरीच्या पुष्कळ स्ट्रेनमध्ये गुणसूत्रांचे तीन-चार संच किंवा विषम संख्या असते, अर्धसूत्री विभाजनात त्यांची वाटणी नीट होत नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या आयतं खायला मिळालं त्याला बीजाणू न जमल्याने काही बिघडलं नाही. प्रोजेक्टला लॅबचा डिप्लॉइड स्ट्रेनच मागून घ्या.

१३. एखादी कॉलनी ए आहे का अल्फा हे ओळखायचं कसं?

ओळखीच्या ए आणि अल्फाबरोबर लावून बघायचं. तुमच्या स्ट्रेनला एक अमिनो आम्ल बनवता येत नाही, टेस्टरला (म्हणजे त्या ओळखीच्या स्ट्रेनला) दुसरं, दोघांना मिसळून दोन्ही नसलेल्या प्लेटवर फासायचं, डिप्लॉइड झाला तरच वाढेल. ज्याच्याबरोबर वाढला त्याच्या उलट तुमचा.

आणि बीजाणू सुटे करायचे असतील तर ॲस्कसची भिंत एन्झाइमने विरघळवायची. पूर्वी यासाठी गोगलगायीच्या पोटातला रस वापरायचे, खरंच. मग काचेच्या केसाएवढ्या बारीक सुईने चारही बीजाणू उचलून एका रांगेत ठेवायचे. हात थरथरला की गेला. चहा पिऊन हे करू नका.

१४. बिअरच्या यीस्टचं काय?

लागर बिअरचं यीस्ट म्हणजे खेचर. ते सेरेव्हिसी आणि थंडीत वाढणाऱ्या युबायानस या दोन वेगळ्या प्रजातींचा संकर आहे, आणि खेचरासारखंच जवळजवळ वांझ. युबायानस कोण ते २०११ मध्ये कळलं, पॅटागोनियाच्या जंगलात बीचसारख्या झाडांवरच्या गाठींत ते सापडलं. संततीची गरज पडली नाही कारण बिअर बनवणारे जुन्या पिंपातलं यीस्ट नव्यात टाकत आले. एल बिअरच्याही अनेक स्ट्रेनची बीजाणू बनवण्याची क्षमता गेलीय. वाइनची मात्र बरीच शाबूत आहे, ती वर्षातून थोडेच दिवस द्राक्षरसात असतात, बाकी वर्ष स्वतःचं स्वतः बघायचं.

१५. मिसो आणि सोया सॉसमध्ये पण हेच यीस्ट?

नाही, तिथे झायगोसॅकॅरोमायसिस रुक्सी. सोया सॉसच्या आंबवणात मीठ १७-१८ टक्क्यांच्या आसपास असतं, आपल्या लोणच्याला लाज वाटेल इतकं, आणि त्यात हे यीस्ट मजेत असतं. याची रीत उलटी. सेरेव्हिसी जोडी जमली की डिप्लॉइड म्हणून खूप काळ राहतं, रुक्सी मुख्यतः हॅप्लॉइड राहतं, आणि जोडी झाली की ताबडतोब बीजाणू. त्यामुळे त्याचा ॲस्कस अजून डंबेलच्याच आकाराचा दिसतो, दोन्ही फुगीर भागांत बीजाणू. नावात 'झायगो' आहे ते त्यामुळेच. ए, अल्फा, कॅसेट, एच-ओ हे सगळं त्याच्याकडेही आहे. पण सॉसमधून मिळणारे काही स्ट्रेन दोन प्रजातींचे संकर असतात, त्यांच्यात मेटिंगच्या जागा जास्तीच्या असतात आणि कोण ए, कोण अल्फा याचा गोंधळ उडतो.

गोव्यात सान्नांना आणि पूर्वी पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाला सूर, म्हणजे माडी, घालायचे, त्यात सेरेव्हिसीच सापडतं. इडलीचं पीठ फुगवतात ते मुख्यतः ल्युकोनॉस्टॉकसारखे बॅक्टेरिया, त्यामुळे इडलीपुरते हे सगळे प्रश्न बाद.

१६. दोन यीस्टचा संकर म्हणजे जीएम का? आणि यीस्ट शाकाहारी आहे ना?

जीएम नाही. एका स्ट्रेनचे बीजाणू दुसऱ्याच्या बीजाणूंशी जुळवणं म्हणजे वेंगुर्ल्याला नीलम आणि हापूस जुळवून रत्ना आंबा काढला तसलंच काम. जनुक बाहेरून घालणं ही वेगळी गोष्ट. यीस्ट बुरशी आहे, प्राणी नाही, 'मीलन' शब्द ऐकून घाबरू नका, झाडंही करतात. उपवासाला चालतं का ते घरच्यांना विचारा.

१७. डिप्लॉइड जोडी करत नाही म्हणालात, पण पुस्तकात टेट्राप्लॉइड दिलाय. आणि मॅट जनुकच काढून टाकलं तर?

ए-अल्फा डिप्लॉइड जोडी करत नाही. पण ए-ए किंवा अल्फा-अल्फा डिप्लॉइड असू शकतो, तो अगदी हॅप्लॉइडसारखा वागतो, फेरोमोन सोडतो, श्मू होतो, आणि असे दोन उलटे भेटले तर टेट्राप्लॉइड. थोडक्यात गुणसूत्रांचे संच किती याच्याशी घेणंदेणं नाही, ए आणि अल्फा दोन्ही माहिती एकत्र आहे का एवढंच बघितलं जातं. दोन्हींची प्रथिनं जोडीने बसून हॅप्लॉइडची जनुकं बंद करतात, एच-ओसुद्धा, म्हणून डिप्लॉइड झाल्यावर ए-अल्फाची अदलाबदल थांबते. उपाशी असताना बीजाणू बनवायची परवानगीही तीच जोडी देते, त्यामुळे ए-ए डिप्लॉइड कितीही उपाशी ठेवला तरी बीजाणू देत नाही.

मॅटच काढलं तर पेशी ए सारखी वागते. ए चे गुण आपोआप चालूच असतात, अल्फाची प्रथिनं येऊन ते बंद करतात आणि स्वतःचे चालू करतात. म्हणून ए-अल्फा डिप्लॉइडने अल्फावालं तिसरं गुणसूत्र चुकून गमावलं की तो अचानक अल्फाशी जोडी करायला लागतो, आणि विद्यार्थी येऊन सांगतात की मॅडम, प्लेटवर कंटॅमिनेशन झालंय.